आतून पिवळं पातेलं

पितळेचं पातेलं आतून पिवळं दिसलं की माझं डोकं फिरतं. बाहेरून ते कितीही पिवळं असू दे, लख्ख असू दे, माझी काही हरकत नाही. पण आतून ते पांढुरकं, करडं, जरा मंदच दिसायला हवं. कारण आत कल्हई असते, आणि कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. दिसायला अगदी सामान्य. त्याचा कोणी फोटो काढत नाही. त्याचं काम एकच, आंबट पदार्थाची आणि पितळेची गाठ पडू न देणं. ते काम मुकाट्यानं करणाऱ्या थराला कोणी डाग समजून घासून काढावं आणि वर त्याबद्दल शाबासकी मागावी, याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

मी निवृत्त होईपर्यंत विश्रांतवाडीच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. धातूंचा धडा दर वर्षी यायचा. सोडियमचा कण पाण्यावर सैरावैरा पळायला लागला की मागच्या बाकांवरचेसुद्धा उभे राहायचे. जस्ताचे तुकडे आम्लात टाकले की बुडबुडे यायचे, नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली की टप् आवाज व्हायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. मग तांब्याची पाळी. तांबं आम्लात तसंच पडून राहायचं, ढिम्म. मुलं कंटाळायची आणि लिहून घ्यायची, तांब्याची विरल आम्लाशी अभिक्रिया होत नाही. हे वाक्य परीक्षेत हमखास विचारायचे. त्याला गुण असायचे, आणि गुण मिळाले की मुलांच्या लेखी तांब्याचा विषय संपलेला असायचा.

माझी एकुलती एक मुलगी लग्न होऊन वाघोलीला गेली. सासरची माणसं मूळची तिथलीच. जिथे त्यांची ज्वारी व्हायची तिथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत वरच्या मजल्यावर ती राहतात. जावई आयटीत. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या, मोठ्या आवाजाच्या, वाढताना 'पुरे' हा शब्द ऐकूच न येणाऱ्या. लग्नात मी रुखवतात तांबट आळीतून घेतलेलं एक जाड पितळी पातेलं मांडलं होतं. देण्याआधी समोर उभं राहून त्याला कल्हई करून घेतली होती. विहीणबाईंच्या घरात सगळं स्टील आणि जर्मल, म्हणजे ॲल्युमिनियम. त्यांनी ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "असलं भांडं आमच्यात न्हवतं वो. ह्ये आता देवघराच्या शेजारी ठिवते." आणि खरोखर बरेच दिवस ते तिथे शोभेला होतं. तिथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीला दिवस गेले. पहिले तीन महिने ती उलट्यांनी हैराण झाली. चौथ्यात सावरली, चार घास खायला लागली, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. पाचवा लागला आणि उलट्या पुन्हा सुरू. आता नुसत्या उलट्या नव्हत्या. पोटात मुरडा, तोंडाला सतत कसलीतरी चव, पायांत त्राण नाही. पाचव्या महिन्यात बाईचं वजन वाढायला हवं, हिचं उतरत होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या बदलल्या, आणि शेवटी म्हणाल्या की वजन असंच उतरत राहिलं तर बाळाच्या वाढीची काळजी करावी लागेल, दाखल करावं लागेल.

आणि जो तो मला सांगायचा, अहो, दिवस आहेत, उलट्या होणारच. बाईला काहीही झालं की तिच्या दिवसांवर ढकलून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची फार सोयीची पद्धत आहे. दिवस नसले तर पित्त. पित्त नसलं तर टेन्शन. चाळिशी उलटली की मग तर विचारायलाच नको, उत्तर तयारच असतं. कारण शोधायचे कष्ट घेतो कोण?

शेवटी एका रविवारी सकाळी मी रिक्षा केली आणि धानोरी, लोहगाव करत, हाडं खिळखिळी करून घेत वाघोलीला पोचले. मुलगी सोफ्यावर उशीला टेकून बसली होती. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. मला बघून हसली. ते हसू बघून मला रडू यायला हवं होतं, पण मी रडणाऱ्यातली नाही, मी चिडते. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आंबटच जातं गं. बाकी काही नको वाटतं."

विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "डोहाळं हायेत ते, आंबट नको का द्यायला? रोज पहाटं उठून आमसुलाचं सार करून ठिवते. दिवसभर थोडं थोडं पिती. पोरीला काय कमी पडू देत न्हाय मी."

त्यात खोटं काही नव्हतं. घरात दुसरं कोणी आंबट खात नव्हतं. विहीणबाईंना पित्ताचा त्रास, आणि जावयाच्या मते सार हे आजारी माणसाचं खाणं. म्हणजे ते रोजचं सार फक्त माझ्या मुलीसाठी होत होतं. तिचे डोहाळे पुरवायला एक बाई पहाटे उठत होती.

जेवायला बसलो. मी म्हटलं, मलाही घोटभर सार द्या. पहिला घोट तोंडात गेला आणि मी वाटी खाली ठेवली. आमसूल, गूळ, जिरं, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्या सगळ्याखाली ती चव होती. जिभेच्या कडा आवळून धरणारी, नाणं चोखल्यासारखी. ज्यांच्या घरी पितळेच्या भांड्यात कधी ताक राहिलंय त्यांना ती सांगावी लागत नाही.

"सार कळकलंय," मी म्हणाले.

"म्हंजी?" विहीणबाईंचा वाढता हात थांबला.

"भांड्याची चव उतरलीय त्यात. कशात केलंत?"

"कशात म्हंजी? तुमच्याच पातेल्यात की. डोहाळ्याचं हाय, म्हनलं माहेरच्या भांड्यात करावं, पोरीला बरं वाटंल."

मी उष्ट्या हातानंच उठले. ओट्यावर पातेलं होतं, झाकण अर्धवट सरकवलेलं. आत डोकावले. आत लखलखीत पिवळं! आरशासारखं. आणि सार जिथवर भरलेलं होतं त्याच्या जरा वर, जिथे आदल्या दिवसांचं सार लागून वाळलं होतं, तिथे सगळीकडून गोल फिरलेली हिरवी कड.

"याची कल्हई कुठे गेली?" हा प्रश्न मी ज्या आवाजात विचारला तो आवाज निवृत्तीनंतर प्रथमच बाहेर पडला असावा, कारण जावई ताटावरून उठून आला. पण घाबरून नाही, खुशीत आला. त्याला वाटलं कौतुक चाललंय.

"आई, ते ना, आतून एकदम डल झालं होतं. ग्रे ग्रे. मम्मीला वापरायला काढायचं होतं म्हणून मी व्हिडिओ बघून ड्रिलला बफिंग पॅड लावलं आणि आतून पूर्ण काढलं. अख्खा संडे गेला त्यात! बिफोर-आफ्टर दाखवू का? सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर सगळे वेडे झाले."

आणि त्यानं खरंच फोन पुढे केला. पहिल्या फोटोत माझी कल्हई होती. दुसऱ्यात नव्हती. खाली अंगठे, टाळ्या आणि बदाम.

"कधी केलंत हे?"

"झाला की महिना. हिला फिफ्थ मंथ लागला ना, तेव्हाच."

मला ओट्याचा आधार घ्यावा लागला. चक्कर आली म्हणून नाही. हाताशी लाटणं होतं, आणि माझा हात तिकडे जाऊ नये म्हणून.

"तुम्ही जे काढलंत ती कल्हई होती. कथील. ते मुद्दाम लावलेलं असतं."

"ओह! मला वाटलं ऑक्सिडेशन आहे." चेहरा जरा पडला, पण लगेच सावरला. "पण आई, कॉपर तर हेल्थला चांगलं असतं ना? आपले पूर्वज तांब्या-पितळेतच खायचे."

"पूर्वज कल्हई लावून खायचे, म्हणून तर वंश तुमच्यापर्यंत पोचला," मी म्हणाले.

यावर माणसानं गप्प बसावं. पण शिकलेला माणूस गप्प बसत नाही, त्याला काहीतरी आठवतं. यालाही आठवलं. "पण एक मिनिट आई, कॉपर डायल्यूट ॲसिडबरोबर रिॲक्टच होत नाही. टेन्थला होतं हे. तुम्हीच तर हे शिकवायचात."

माझंच वाक्य. माझ्याच फळ्यावरचं. त्या क्षणी मला जावयाचा आला त्याहून जास्त राग त्या वाक्याचा आला, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला दोन गुण देऊन त्याचा मुडदा पाडला त्या सगळ्यांचा आला. ते वाक्य खोटं नाही. अर्धं आहे. तांबं परीक्षानळीत आम्लात बुडवून तास संपेपर्यंत बघत बसलात तर काही होत नाही. पण पातेलं म्हणजे परीक्षानळी नव्हे. पातेल्याला वरून हवा असते. हवेतला ऑक्सिजन तांब्याला धरतो, त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसवतो, आणि तो थर आंबटात खुशाल विरघळतो. विरघळला की खालचं ताजं तांबं उघडं. पुन्हा हवा, पुन्हा आंबट. एकट्या आम्लाला जे जमत नाही ते दोघं मिळून दिवसभरात निवांत उरकतात. म्हणून तर हिरवी कड बुडाशी नव्हती, सार आणि हवा जिथे भेटतात तिथे होती. शिवाय पितळ म्हणजे नुसतं तांबं नाही, त्यात जस्तही असतं, आणि जस्ताला आम्लासमोर दम धरवतच नाही. हे सगळं मी त्याला तिथेच, खरकट्या हातानं, कडेकडे बोट दाखवत सांगितलं. वर्गात कधी इतकं चांगलं शिकवलं नसेन.

"ही कड तरी दिसली नाही कोणाला?"

"दिसली की," विहीणबाई म्हणाल्या. "पर ह्यानंच सांगितलंय, घासनी लावायची न्हाय, पालिश जाईल. नुसता हात फिरवून धुती मी."

चकाकी जाईल! म्हणजे आधी जे राखायचं ते घासून टाकलं, आणि जे घासायचं ते राखून ठेवलं.

आता मला सगळं दिसायला लागलं होतं. जास्तीचं तांबं पोटात गेलं की पोट ते बाहेर फेकतं. मळमळ, मुरडा, उलटी. उलटी झाली की तोंडाची चव जाते. चव गेली की पोटुशीला आंबट हवंसं वाटतं. आंबट हवं म्हटलं की तत्पर सासू वाटी भरून आणते. आणि वाटीत पुन्हा तेच. महिनाभर माझी मुलगी त्या चरकात फिरत होती आणि सगळे म्हणत होते, दिवस आहेत.

मी हे जसं मनात आलं तसं बोलले. गाळलं काही नाही.

विहीणबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हंजी मी माझ्या सुनंला इख पाजलं म्हनता? मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हनलात? भांडं कुनाचं? तुमच्याच घरचं न्हवं? आमच्यात जर्मलात सैपाक व्हायचा, कुनाला काय झालं न्हाय. तुमी थोर म्हनून तुमचं भांडं डोक्यावर घेतलं, आन् बोल आमाला?"

जावई म्हणाला, "आई, मम्मी, प्लीज."

मुलगी केव्हाच उठून खोलीत गेली होती. मी हात धुतले आणि तिच्यामागे गेले. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, पोटावर हात ठेवून. मी दार लावलं आणि म्हणाले, तुला डॉक्टरांकडे आजच न्यायचं, हे सगळं त्यांना सांगायचं, आणि त्या सासूला...

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"कळकतंय ते. पहिल्याच दिवशी. चव कळते ना आई. तुझीच मुलगी आहे मी."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. ही मुलगी माझ्या वर्गात बसलेली. समीकरणं तोंडपाठ. घरी पितळेच्या डब्यात लोणचं ठेवलं म्हणून मी कामवाल्या बाईंवर ओरडले होते तेव्हा समोर उभी असलेली.

"मग तोंड नव्हतं तुला?"

"अहो आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पातेलं दाखवायच्या. माहेरचं आहे, बघा किती जड. लग्नात तुझ्या रुखवताला त्यांच्या जावा काय काय बोलल्या होत्या, तुला माहीत नाही. मास्तरणीच्या घरचं असंच असायचं म्हणे. तेवढं एक पातेलं सगळ्यांना आवडलं होतं. आता मीच म्हटलं असतं की त्यातलं सार बिघडतं, तर पुन्हा तुझ्यावरच आलं असतं. मला नाही ऐकवत तुझ्याबद्दल बोललेलं."

आयुष्यात मी पुष्कळ चिडले आहे. मुख्याध्यापकांवर, पालकांवर, रिक्षावाल्यांवर, पाण्याच्या टँकरवाल्यावर. पण त्या खोलीत मला जो संताप आला त्याला कुठे ठेवू तेच कळेना. पोटात बाळ, अंगात ताकद नाही, आणि ही पोरगी माझी अब्रू राखायला घोट घोट तांबं पीत होती! कुणी सांगितलं होतं तिला? मी तर कधीच नाही. असल्या गोष्टी मुलींना कोणी सांगत नाही, त्या त्यांना न सांगता येतात, आणि विज्ञानाचे पैकीच्या पैकी गुण त्याच्यासमोर काही कामाचे नसतात. तिला गदागदा हलवावंसं वाटलं. जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही, कारण तिला पुन्हा उमासा आला आणि मी तिची पाठ धरली.

ती तोंड धुऊन आडवी झाली तेव्हा मी ठरवलं. ही गोष्ट जर माझ्या अब्रूवर अडलेली असेल तर ती अब्रू गेली खड्ड्यात. मी बाहेर गेले. विहीणबाई टेबलाशी बसल्या होत्या, ताटं तशीच.

"विहीणबाई," मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आमचंच भांडं वाईट निघालं. मी ते परत घेऊन जाते. यापुढे त्यात काही करू नका, एवढंच."

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. आणि जावई, ज्याला निदान आता तरी गप्प बसायचं कळायला हवं होतं, तो सुटल्यासारखा म्हणाला, "एक्झॅक्टली! मॅन्युफॅक्चरिंगलाच काहीतरी इश्यू असणार."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांनाही ते वाक्य माझं वाटलं नाही.

"भांडं चांगलं होतं."

खोलीच्या दारात मुलगी उभी होती, चौकटीला धरून.

"भांडं चांगलं होतं, अहो आई. कल्हई होती त्याला. ती यानं घासून काढली. आणि मला पहिल्या दिवसापासून ते सार कळकलेलं लागत होतं."

"पयल्या दिसापासनं?" विहीणबाई उठल्याच. "आन् तू पीत ऱ्हायलीस? मला सांगायचं न्हाय व्हय, बाई?"

"तुम्ही पहाटे उठून करत होतात. आणि पातेलं आईचं होतं." "सार मला अजून हवंय. स्टीलमध्ये करा. आणि कल्हई करून आणायला तो जाईल. स्वतः. व्हिडिओ बघून नाही."

जावई फोन खिशात घालत मान खाली घालून हो म्हणाला. विहीणबाईंनी पातेलं उचललं, उरलेलं सार मोरीत ओतलं, कोणाकडे न बघता स्टीलचं भांडं गॅसवर चढवलं आणि पदरानं डोळे पुसले. त्या आठवड्यात उलट्या ओसरल्या, पुढच्या तपासणीत वजन जरा चढलं, डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आमसुलं भिजायला पडली होती, आणि माझी मुलगी भिंतीला धरत धरत माझ्यापाशी आली.

"आणि आई," ती हळू आवाजात म्हणाली. ती चिडलेली होती, माझ्यावर चिडलेली. "तू माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मी तुझ्यासाठी महिनाभर तेच केलं, बघितलंस ना काय झालं ते."